दारचं फूल

मला बघायला आले तेव्हा माझ्या सासऱ्यांनी माझ्यापेक्षा आमच्या परसातली तगरच जास्त निरखून बघितली. मी चहाची कपबशी धरून खाली मान घालून उभी, आणि हे गृहस्थ मागच्या दारातून डोकावत माझ्या वडिलांना विचारतायत, "बारा महिने फुलते काय हो ही?" वडील म्हणाले, "फुलते की. काही करावं लागत नाही तिचं. टाकली तिथं वाढते." सासरे खूश. माझा स्वयंपाक कसा आहे, शिवण येतं का, चौथी पास आहे की नापास, काही विचारलं नाही. देण्याघेण्याची गोष्ट निघाली तेव्हा म्हणाले, "आम्हाला काही नको. ह्या तगरीच्या दोन फांद्या तेवढ्या द्या."

वडिलांना दोन दिवस चैन पडलं नाही. मुंबईची माणसं, यात काय मेख असेल म्हणून त्यांनी चार जणांना विचारलं. मेख काही सापडली नाही, आणि लग्न झालं. दीक्षेनंतरचं आमच्या वाडीतलं ते नव्या पद्धतीचं पहिलंच लग्न. पांढरी साडी, हळद नाही, भटजी नाही, अक्षताही नाहीत. ते इतक्या झटक्यात उरकलं, की पाठीमागे बसलेली माझी आजेमावशी जेवताना विचारत होती, "लगीन कधी लागणार गो?"

मुंबईला बोटीनं आलो. गोणपाटात गुंडाळलेल्या फांद्या सासऱ्यांच्या मांडीवर, माझी ट्रंक नवऱ्याच्या डोक्यावर, आणि मी बोट लागून एका कोपऱ्यात आडवी. सासऱ्यांनी तांब्यातलं पाणी आधी गोणपाटावर शिंपडलं आणि उरलेलं मला दिलं. सासरी आपली पायरी कोणती, हे मला धक्क्याला लागायच्या आतच कळलं.

आमच्यात सासऱ्यांना मामा म्हणायचं आणि सासूबाईंना आत्या. घर भोईवाड्यातल्या चाळीत, तळमजल्याला, एक खोली. दाराबाहेर अर्धं कापलेलं लोखंडी पिंप होतं, काठोकाठ मातीनं भरलेलं, आणि मातीच्या मधोमध मनगटाएवढा जाड खुंट. वर काही नाही. कोणीतरी कोयत्यानं उडवलेला.

"हे काय होतं, आत्या?" मी दुसऱ्याच दिवशी विचारलं.

"जास्वंद," त्या म्हणाल्या. "तुझ्या सासऱ्यांनी पराक्रम केला. घरी ढाल-तलवार नव्हती, म्हणून कोयत्यानं केला."

हकिकत अशी. आदल्या वर्षी मामा नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले. आले ते असे भारावून, की प्रवासाचा सदरा उतरवायच्या आधी त्यांनी फळीवरचे देव, देवीचा मुखवटा, घंटी, सगळं गोणीत बांधलं आणि शिवडीच्या खाडीत सोडून आले. परत येताना मामांच्या डोक्यात आलं की दारातल्या जास्वंदीचं लाल फूल रोज देवीला जायचं. देवी गेली, मग तिचं फूल कशाला ठेवायचं? घेतला कोयता.

"देवी गेली त्याचं मला काही नाही गो," आत्या सुपातले खडे वेचत म्हणाल्या. "तिनं तरी आपल्याला कधी देवळाच्या पायरीला पाय लावू दिला? पण जास्वंदीनं कुणाचं घोडं मारलं होतं? आणि मला एका शब्दानं विचारलं?"

ती जास्वंद आत्या मुंबईत आल्या त्या वर्षीची. परळच्या एका इस्पितळाच्या आवारातली झाडं छाटली तेव्हा रस्त्यावर पडलेली काडी त्यांनी उचलून आणली होती. "खोली मिलच्या पगारावर, भांडी सासूची, नवरा सासूचा," त्या म्हणायच्या. "ह्या मुंबईत माझं म्हणावं असं ते एक झाड होतं." त्याच फुलांचं तेल उकळून त्या केसांना लावायच्या. झाड गेल्यापासून आपले केस गळतात असा त्यांचा दावा होता, आणि फणीत अडकलेला गुंता त्या मुद्दाम मामांच्या चहाच्या कपाशेजारी ठेवायच्या.

खाडीवरून आल्यावर त्याच संध्याकाळी मामांनी फळीवर बुद्धांची तसबीर ठेवली, मेणबत्ती लावली, नाक्यावरून पांढरी शेवंती आणली, आणि वंदनेला बसताना आत्यांना म्हणाले, "बस."

आत्या उभ्याच. म्हणाल्या, "बाजारच्या फुलाला मी हात लावायची नाही. जन्मभर दारचं फूल वाहिलंय मी. तुम्ही दारचं फूल आणा, त्या दिवशी बसते." आणि सूप घेऊन उंबऱ्यात जाऊन बसल्या, घराकडे पाठ करून.

मामांना वाटलं, दोन दिवसांचा राग. मी नवी नवरी होऊन आले तेव्हा त्या रागाला सहा महिने होऊन गेले होते.

गंमत अशी की आमच्या चाळीला वंदना शिकवणारे मामाच. संध्याकाळी चौकात सतरंजी टाकून बायकापोरांना बसवायचे, एकेक ओळ म्हणून घ्यायचे. घरोघरी नवराबायको जोडीनं बसायला लागली. आणि शिकवणाऱ्याच्या घरात मात्र बाई उंबऱ्यात पाठ करून तांदूळ निवडतेय. चाळीतले लोक खवट. "काय मामा, आमच्या मामी कुठं?" असं विचारायचेच. मामा हसण्यावारी न्यायचे, पण रात्रीचं जेवण कमी जायचं त्यांना. सगळ्या चाळीला बसवलं आणि आपल्या बाईला बसवता आलं नाही, हे त्यांच्या मनाला फार लागलं होतं. म्हणून ती तगर. तीही बाजारातून आणली तर आत्या त्यावरून बोलतील, म्हणून सुनेच्या माहेरची.

आता दुसरी गंमत. पाली शब्द मामांच्या जिभेला नवे. तिसऱ्या ओळीला ते हमखास अडखळायचे. हात जोडलेले, डोळे मिटलेले, आणि गाडी अडलेली. मग उंबऱ्यातून, तांदळाचा खडा अंगणात भिरकावत, आत्या तो शब्द सांगायच्या. पाठ तशीच आमच्याकडे. मामा तो शब्द घेऊन पुढे जायचे. रोज. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसू आवरेना, तर माझ्या नवऱ्यानं मला कोपरानं ढोसलं. सगळी वंदना आत्यांना तोंडपाठ होती, मामांपेक्षा शुद्ध. फक्त बसायचं तेवढं नव्हतं.

मामा मिलच्या ब्लीचिंग खात्यात होते. विणकामात आमच्या माणसांना घेत नसत, कारण मागाच्या धोट्यातला धागा तोंडानं ओढायचा असे आणि आमच्या तोंडचा धागा बाकीच्यांना चालत नसे. कापड सगळ्यांच्या अंगावर चाले, ते सोडा. तर मामांचा जन्म कोरं कापड पांढरंशुभ्र करण्यात गेलेला. पांढऱ्या रंगातलं त्यांना जेवढं कळायचं तेवढं जगात कोणाला कळत नाही, अशी त्यांची समजूत होती. तगरीची फांदी तासली तेव्हा त्यातून पांढरा चीक आला. मामा मला बोलावून म्हणाले, "बघ पोरी, आतूनच पांढरी आहे. अस्सल माल."

फांद्या खुंटाच्या शेजारीच लावल्या. आत्या दारातून म्हणाल्या, "माती चांगली आहे हो. मी पंधरा वर्षं केलीय." मामांनी ऐकलं न ऐकलंसं केलं. तिरका काप, खालची पानं काढलेली, वरच्या टोकाला शेणाचा गोळा, सगळं माझ्या वडिलांनी सांगितलं तसं. एवढं झाल्यावर गप्प बसावं की नाही? पण मामा रोज सकाळी मिलला जाण्यापूर्वी एक फांदी हलकेच उपटायचे, मुळं फुटली का बघायचे आणि परत खोचायचे. आठवडाभर आत्यांनी बघितलं, मग म्हणाल्या, "खुडूक कोंबडीला रोज उठवून अंडी बघाल, तर पिल्लं निघायची कशी?" मामा म्हणाले, "तुला काय कळतं त्यातलं?" ती फांदी मेली. दुसरी, जिला त्यांनी हात लावला नव्हता, ती लागली.

ती लागल्यावर मामांचा ताळतंत्रच सुटला. मासे धुतलेलं पाणी झाडाला चांगलं असं कोणीतरी सांगितलं, तर हे शेजारच्या तीन घरांतून बांगड्यांचं पाणी गोळा करून आणायचे. त्या वासावर चाळीतल्या झाडून साऱ्या मांजरी आमच्या दारात. पिंपातली माती त्या उकरायच्या आणि रात्रभर भांडायच्या. मी म्हटलं, "मामा, पुरे आता." तर म्हणाले, "नव्या सुनेला कौतुक नाही माहेरच्या झाडाचं." आता यावर काय बोलणार? कपाळाला हात लावला आणि मांजरी हाकलायला काठी घेतली.

पण ह्या सगळ्या खुराकानं एक झालं. तगर वाढायची तशी वाढली, आणि तिच्या बुडाशी त्या कापलेल्या खुंटालाही धुमारे फुटायला लागले. लालसर, तुकतुकीत, कोवळे. मामा रोज सकाळी ते नखानं खुडायचे. "तगरीचं सगळं खाऊन टाकील," असं स्वतःशीच म्हणत. आत्या उंबऱ्यातून बघायच्या. त्यावर त्या कधी काही बोलल्या नाहीत, आणि आत्या बोलत नाहीत म्हणजे प्रकरण गंभीर, एवढं मला तोवर कळलं होतं. मामा सकाळी खुडायचे, खुंट पुन्हा फुटायचा. असा कितीतरी महिने त्या दोघांचा, म्हणजे मामांचा आणि खुंटाचा, कार्यक्रम चालला होता.

दिवाळीनंतर तगरीला कळ्या आल्या. मामांनी त्या बघितल्या आणि त्यांचा चेहरा पडला. कळ्या जराशा पिवळट, हिरवट दिसत होत्या. आता कळी तशीच असते, उमलल्यावर पांढरी होते, हे मी माहेरी लहानपणापासून बघितलेलं. सांगितलंही. पण ब्लीचिंग खात्यातल्या माणसाला पिवळटपणा दिसला की त्याचे हात शिवशिवतात. संध्याकाळी बघते तर पिंपातली माती निळी! मामांनी कपड्यांना घालायची नीळ पाण्यात कालवून झाडाला घातली होती. वर पानांवरही शिंपडली होती, हातानं, नीट, एकेका पानावर.

आत्या बाहेर आल्या, पिंपाभोवती एक फेरी मारली आणि म्हणाल्या, "खळ राहिली की. तीही घाला. म्हणजे फुलं परीटघडीची येतील."

आख्खी चाळ हसली. लोक मुद्दाम झाड बघायला यायला लागले. आठवड्याभरात कळ्या गळून पडल्या. नीळ लागली की मांजरांनी हलवलं की आणखी काही, कोण जाणे. मामांनी गळालेल्या कळ्या ओंजळीत गोळा केल्या आणि बराच वेळ तशाच धरून बसले. त्या संध्याकाळी त्यांनी तिसऱ्या ओळीवर अडखळून आत्यांच्या शब्दाची वाटही बघितली नाही. मध्येच उठले. मला त्यांची दया आली, आणि आत्यांचा रागही आला. मी चुलीपाशी म्हटलं, "आत्या, एक दिवस बसलात तर काय बिघडेल?"

"तुला वाटतं मी फुलासाठी अडलेय?" आत्या म्हणाल्या. पुढची भाकरी जरा जोरात थापल्यासारखी वाटली.

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राचे. मिलच्या गेटवर, नाक्यावर, करी रोडच्या पुलाखाली, जिथं बघाल तिथं सभा. आमच्या चौकातही व्हायच्या, आणि मामा त्यात पुढे. एकदा उभे राहून तावातावानं बोलत होते, "अरे, मुंबई कोणाची हे ठरवताना आम्हाला विचारलं? घाम आमचा, मुंबई आमच्या हातांनी उभी राहिली, आणि दिल्लीत बसून परस्पर कापाकापी? माणसाला एका शब्दानं विचारायची पद्धत आहे की नाही?"

टाळ्या पडल्या. घरी आल्यावर आत्यांनी त्यांच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला. म्हणाल्या, "विचारलं नाही म्हणून फार राग आलाय, नाही?"

"येणारच!" मामा म्हणाले.

"येतोच," आत्या म्हणाल्या. "परस्पर कापलं की येतोच राग."

माझ्या नवऱ्यानं माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे. मामा पाणी प्यायले, आणि तांब्या खाली ठेवायचा विसरून तसाच हातात धरून बसले. मला वाटलं, आता बोलतील. पण पुरुषमाणूस, त्यातून चाळीला शिकवणारा. त्यांनी तांब्या ठेवला आणि विषय मिलच्या बोनसवर नेला.

उन्हाळ्यात तगरीला पुन्हा कळ्या आल्या. ह्या वेळी मामांनी स्वतःला आवरलं. पाणी घालायचे आणि हात पाठीमागे बांधून उभे राहायचे. कळ्या टपोऱ्या झाल्या, टोकाला पांढऱ्या दिसायला लागल्या. "उद्या-परवा," मी म्हटलं. मामा संध्याकाळी नवी मेणबत्ती घेऊन आले. आत्यांनी ती बघितली आणि फळीवर सरळ उभी केली. एवढंच, पण मामा त्या दिवशी दोन भाकऱ्या जास्त जेवले.

दुसऱ्या दिवशी हरताळ होता. मिल बंद, दुकानं बंद. आधीच्या गोळीबाराची जखम लोकांच्या मनात ओली होती, त्यामुळे पोलिसांची गाडी दिसली की माणसं पेटायची. सकाळी मामांनी चौकात पोरांना जमवून सांगितलं, "गाड्या आत शिरता कामा नयेत. रस्ता अडवा. घराघरातून लागेल ते न्या. आपलं-परकं बघू नका!" आणि स्वतः शिवडीकडच्या लोकांना निरोप द्यायला गेले.

पोरांनी लागेल ते न्यायला सुरुवात केली. बाकडी, हातगाड्या, खाटा, पाण्याची पिंपं. त्यांचा पुढारी कोण? माझा नवरा. बाकीच्यांच्या दारातली पिंपं नेऊन झाली आणि तो आमच्या दारात येऊन उभा राहिला. माझ्या लक्षात आलं.

"तुम्ही ह्याला हात लावायचा नाही," मी पिंपापुढे उभी राहून म्हटलं. "कळ्या आल्यायत. मामांना काय सांगाल?"

"आणि लोकांना काय सांगू?" तो म्हणाला. "सगळ्यांची पिंपं नेली आणि आपलं ठेवलं? बाबांनीच सांगितलंय, आपलं-परकं बघू नका."

मी आत्यांकडे बघितलं. त्या दारात उभ्या होत्या. मला वाटलं, आता पोराच्या कानाखाली एक देतील. त्या आत गेल्या, तांब्याभर पाणी आणलं आणि पिंपात ओतलं. सावकाश, तगरीला आणि खुंटालाही. "दिवसभर उन्हात राहायचंय त्याला," म्हणाल्या. "न्या आता." चार जणांनी पिंप हातगाडीवर चढवलं आणि ती तगर, कळ्यांसकट, डुलत डुलत नाक्याकडे निघाली. माझ्या लग्नाची वरात एवढ्या थाटात निघाली नव्हती.

पुढचं मी वरच्या मजल्याच्या गॅलरीतून बघितलेलं आणि नवऱ्याकडून ऐकलेलं. दुपारी मामा परतले ते नाक्याच्या पलीकडच्या बाजूनं. रस्त्यात ढीग: बाकडी, गाड्या, खाटा, आणि सगळ्यांच्या वर, झेंड्यासारखी, त्यांची तगर. समोरून पोलिसांची गाडी येतेय. मामा दोन्ही हात वर करून ओरडले, "माझी तगर!"

आणि ढिगामागच्या गर्दीनं, सवयीनं, एका सुरात उत्तर दिलं, "झालीच पाहिजे!"

हे आम्ही पुढे कितीतरी वर्षं सांगून हसायचो. मामाही हसायचे. पण त्या वेळी कोणी हसलं नाही, कारण लगेच अश्रुधुराची नळकांडी पडली. सगळे मागे पळाले. मामा एकटे पुढे पळाले. गाडीनं ढीग ढकलला, पिंप आडवं झालं, वरून बाकडं पडलं आणि तगर बुंध्यापासून मोडली. लोक तिच्यावरून पळत गेले. माझ्या नवऱ्यानं बापाला धरून ओढत गल्लीत आणलं. मामांचे डोळे लालभडक, गालांवर पाणी. बायका म्हणाल्या, "धुरानं झालंय, कांदा लावा." मामांनी नाकाशी कांदा धरला आणि रडून घेतलं. धूर होता म्हणून बरं झालं, कारण सांगावं लागलं नाही.

संध्याकाळी शांत झाल्यावर पोरांनी पिंप परत आणून ठेवलं, पोचा पडलेलं, अर्धी माती सांडलेली. माझा नवरा बापापुढे मान खाली घालून उभा राहिला. मामा म्हणाले, "बरोबर केलंस. मी सांगितलं होतं तसंच केलंस." मग वंदना म्हटली नाही. मेणबत्ती कोरीच राहिली. भिंतीकडे तोंड करून पडले, आणि त्यानंतर दोन-अडीच महिने त्यांनी त्या पिंपाकडे बघितलंच नाही. मिलला जाताना तोंड दुसरीकडे करून जायचे. वंदना म्हणायचे, पण नुसती म्हणायची म्हणून, फुलाशिवाय.

आत्यांनी सांडलेली माती भरली, पिंप सरळ केलं. मी तगरीसाठी दोन दिवस रडले. माहेरची होती, शेवटी. आत्यांनी मला रडू दिलं, समजावलं वगैरे नाही.

आता खुडणारं कोणी नव्हतं, त्यामुळे खुंट मोकाट सुटला. एकाचे पाच धुमारे झाले. पावसात तर जास्वंद हा हा म्हणता कमरेइतकी झाली. श्रावणाच्या सुमारास तिला लांबट कळी आली. मामांना दिसली तर पुन्हा कोयता काढतील, की काय करतील? आत्या मात्र निवांत. रोज पाणी घालायच्या आणि आपल्या कामाला लागायच्या.

फूल उमललं तो रविवार होता. मामा दात घासत बाहेर गेले आणि नेहमीसारखं तोंड फिरवायचे ते विसरले. लालभडक फूल, बशीएवढं, थेट समोर. मी दाराच्या फटीतून बघतेय. मामा खाली वाकले. मला वाटलं, संपलं. पण ते फुलाकडे बघतच नव्हते. पिंपाच्या कडेला, जास्वंदीच्या आडोशाला, वीतभर तगरीची फांदी उभी होती. टोकाला शेणाचा वाळलेला गोळा, आणि खाली चार नवी पानं.

"पोरी, ही तू लावलीस?" मामांनी मला विचारलं.

"मी नाही," मी म्हटलं. खरंच मी नव्हती लावली. मला माहीतच नव्हतं.

माझा नवरा आतून म्हणाला, "त्या दिवशी आम्ही पिंप आणलं ना, त्याच्या आधी आई नाक्यावर जाऊन आली होती. तुडवलेल्या फांद्या उचलत होती. मला वाटलं, जळणाला."

मामा उठून उभे राहिले. तोंडातली राख तशीच. ती थुंकायचं, चूळ भरायचं त्यांना सुचलं बऱ्याच वेळानं. मग दाराशी आले, आत्या तोवर उंबऱ्यात येऊन सुपात तांदूळ पाखडत होत्या त्यांच्यासमोर उभे राहिले, आणि चौकात शंभर माणसांपुढे बोलणाऱ्या माझ्या सासऱ्यांना शब्द सुचेना.

"अगं," ते म्हणाले. "ते फूल… तोडू का?"

आत्यांनी पाखडणं थांबवलं. "मला विचारताय?"

"तुलाच. झाड तुझं आहे." मग अगदी हळू, "तेव्हाही तुझंच होतं. विचारायला पाहिजे होतं मी."

आत्यांनी सुपातला एक खडा वेचून बाहेर टाकला. "लाल आहे," म्हणाल्या. "तुमच्या वंदनेला चालतं?"

"दारचं आहे ना?"

"देठाशी धरून तोडा मग. ओरबाडू नका."

त्यांनी सूप बाजूला ठेवलं, पदर झटकला, उंबऱ्यातून उठल्या. मामा फूल दोन्ही हातांत धरून आत आले आणि नेहमीच्या सवयीनं सतरंजीच्या मधोमध बसले. आत्या त्यांच्या डोक्याशी उभ्या राहिल्या.

"सरका की जरा. मी बसू कुठं?"

मामा इतके सरकले की अर्धे जमिनीवर गेले. आत्या बसल्या. फूल त्यांनीच ठेवलं तसबिरीपुढे, मेणबत्ती त्यांनीच लावली. मग मामांनी डोळे मिटून सुरुवात केली, आणि तिसऱ्या ओळीला, व्हायचं तेच, अडखळले. आम्ही वाट बघितली. उंबऱ्यात तर कोणी नव्हतं. मी डोळे किलकिले करून बघितलं, तर आत्यांचे ओठ हलत होते पण आवाज फुटत नव्हता, आणि गालांवरून पाणी चाललं होतं. मामांचं तर विचारूच नका.

मग तो शब्द मी सांगितला.